कावळा, फांदी आणि प्लाझ्मा

एप्रिल २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत देशभरातील असंख्य कुटुंबे कोरोनातून बऱ्या झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्माच्या शोधात होती. रक्तगट, रुग्णालय, फोन क्रमांक असे संदेश रात्रभर फिरत. ज्यांना प्लाझ्मा मिळाला नाही, त्यांच्या मनात 'मिळाला असता तर?' हा प्रश्न कायमचा रुतून बसला.

त्याचे उत्तर सहा महिने आधीच हाती आले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० या काळात ३९ सरकारी व खासगी रुग्णालयांत 'प्लॅसिड' ही चाचणी घेतली. मध्यम स्वरूपाच्या आजाराच्या ४६४ प्रौढ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. २३५ जणांच्या गटासाठी नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा होता. २२९ जणांसाठी केवळ नेहमीचे उपचार. २८ दिवसांत आजार तीव्र झालेले किंवा दगावलेले रुग्ण पहिल्या गटात ४४ होते, दुसऱ्यात ४१. म्हणजे १९ आणि १८ टक्के. सातव्या दिवशी धाप व थकवा ओसरण्याचे प्रमाण प्लाझ्माच्या गटात अधिक होते; मृत्यू मात्र टळले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये हे निष्कर्ष 'बीएमजे'त प्रसिद्ध झाले. पुढे ब्रिटनमधील अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या 'रिकव्हरी' चाचणीतही दोन्ही गटांतील मृत्यूचे प्रमाण सारखेच, २४ टक्के, आढळले.

तरीही विश्वास टिकला, कारण प्लाझ्मा घेतलेले बहुतेक रुग्ण खरोखरच बरे होत होते. डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले, कुटुंबांनी कृतज्ञतेने सांगितले. प्लाझ्मा न घेतलेलेही तितकेच बरे होत होते, हे मात्र एका खाटेशेजारी उभे राहून दिसत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. कावळा न बसताही किती फांद्या मोडतात, हे मोजण्यासाठीच तुलनेचा गट असतो.

मे २०२१ मध्ये राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळण्यात आला.

तुलनेच्या गटातील २२९ जणांना 'आपल्याला काहीच मिळाले नाही' असे वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्यांच्यामुळेच, प्लाझ्मासाठी रात्रभर वणवण करून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाला आज एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगता येते: प्लाझ्मा मिळाला असता तर वडील वाचले असते, असे पुरावा म्हणत नाही.