दीडशे किलोमीटरची चिठ्ठी

मेळघाट या नावातच घाटांचा मेळ आहे. गेल्या जानेवारीत सेमाडोहला सिपना नदीच्या काठी तीन दिवस राहून आम्ही सहकुटुंब परत निघालो, तेव्हा धाकटे चिरंजीव खिडकीला नाक लावून वळणे मोजत होते. धारणीहून अमरावतीला जाणारी एस. टी. सुमारे १५० किलोमीटर चालते. आम्हाला ती आणखी दुप्पट चालली असती तरी हवीच होती!

माझ्या शेजारी एक कोरकू म्हातारा होता. पलीकडे त्याची सून आणि तिच्या मांडीवर तान्हे मूल. वळण आले की ती डोळे मिटून घेई.

"बाबा, कुठे निघालात?"

"अमरावतीले, दवाखान्यात. सुनेले दम लागते. छातीचा फोटो काढाचा हाय."

"सरकारी दवाखाना असेल, तर खर्च फारसा नसेल," मी शहरी समाधानाने म्हणालो.

म्हातारा बोटांची पेरे मोजू लागला. मुलगा कामासाठी परगावी. सुनेला मराठी नीट येत नाही, म्हणून सोबत सासरा. मूल अंगावर पिते, म्हणून तेही. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेवढा आधार. पण रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात, जेवण विकतचे आणि मजुरी बुडाली ती वेगळीच. १०८ क्रमांकाची गाडी २०१४ पासून राज्यात फुकट मिळते. पण ती तातडीच्या दुखण्याची. "पुन्हा या" म्हणून सांगितलेल्या माणसाला एस. टी.च.

"दवाखान्याचे पैसे नाही लागत, भाऊ. रस्त्याचेच लागते."

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. तपासणीची तारीख कालची होती. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "काल रस्त्यापर्यंत चालत आलो. सून दोनदा बसली. गाडी गेली."

"आणि आज त्यांनी परत पाठवले तर?"

"मंग होळी झाल्यावर पाहू."

होळीला अजून दोन महिने होते. सुनेच्या श्वासाचा आवाज मला इंजिनाच्या घरघरीतही ऐकू येत होता.

परतवाड्याला घाट संपला. मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिले, 'हे लोक फार लांबून आले आहेत. काल गाडी चुकली. कृपया आजच तपासावे.' खाली नाव लिहिताना लाज वाटली. तीन दिवसांच्या सहलीत आम्ही केवढा खर्च केला होता, आणि माझे औदार्य एका ओळीत आटोपले!

अमरावतीला तिघे उतरले. म्हातारा पुढे, सून मागे. चार पावलांवर ती थांबली, मग पुन्हा चालू लागली.

"एकशे बारा वळणं, बाबा!" चिरंजीव म्हणाले. "आपण पुन्हा कधी यायचं?"