तुझा एक, माझा एक

जुगारात माणूस हरतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण मी जिंकलो आणि माझाच रुपया मला बक्षीस म्हणून हातावर ठेवला गेला, तो राग अजून गेलेला नाही.

गोष्ट लोधीखेड्याची, सत्तरच्या दशकातली. पोळा फुटला की आमच्याकडे जुगाराला ऊत येतो, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. राज्य मध्य प्रदेश, बोली मराठी, बाजार नागपूरचा. आता २०२३ पासून जिल्हाही छिंदवाडा राहिला नाही, पांढुर्णा झाला. महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की पलीकडे सावनेरला धाड पडली की झंडीमुंडीवाला छोट्या लाइनच्या गाडीनं इकडे यायचा, आणि इकडे खाकी दिसली की पुन्हा तिकडे. इकडे जुगाराचा कायदा १८६७ चा, तिकडे १८८७ चा. डबा मात्र तोच. ती गाडी २०१५ च्या अखेरीस रूळ रुंद करायला बंद पडली, तोवर मी म्हातारा झालो होतो.

झंडीमुंडी सोपी असते. जमिनीवर रेक्झिनचं कापड, त्यावर सहा घरं: झंडी, मुंडी, बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. डब्यात सहा फासे, प्रत्येकावर हीच सहा चित्रं. आपण एका घरावर पैसे ठेवायचे. कपडावाला, म्हणजे खेळवणारा, डबा खुळखुळवून उपडा करतो. आपलं चित्र आलंच नाही किंवा एकच आलं, तर पैसे त्याचे. दोन आली तर डबल, तीन आली तर तिबल, असं थेट सहापर्यंत. इंग्रज खलाशांचा मुकुट आणि नांगराचा असाच एक खेळ आहे, तो तीन फाशांचा.

मी तेव्हा संत्र्याच्या आडतीत हिशेब लिहायला नुकता लागलो होतो. मुंडीवर रुपया ठेवला. डबा उचलला, दोन मुंड्या. लोक ओरडले. त्यानं दोन रुपये माझ्यापुढे सरकवले आणि डबा पुन्हा हातात घेतला.

मी म्हटलं, "भाऊ, एक रुपया अजून."

"कायचा रुपया? डबल झाला ना?"

"डबल म्हणजे दोन रुपये तुमच्याकडून. माझा रुपया तर माझाच हाय."

"तुझा एक, माझा एक. झाले ना दोन?"

लोक हसले, आणि हसणाऱ्यांत माझा मामेभाऊही होता. मी हिशेबातला माणूस. आमच्या वहीत मुद्दल वेगळं आणि नफा वेगळा. मुद्दलाला नफा म्हणून जमा केलं असतं तर शेठनं त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. मी कापडावर बोट ठेवून त्याला समजावायला लागलो. तीन आले तर तिबल म्हणजे तू पदरचे दोनच देणार? सहा आले तर पाचच? तो म्हणाला, "बाप्पा, खेळाचं असंन तं खेळ, नाही तं सरक." मागून कुणीतरी दंडाला धरून मला ओढलं, कारण माझ्यामुळं डाव अडला होता. तिथं उभे असलेले सगळे त्याच हिशेबानं लुटले जात होते, आणि त्यांना राग आला तो माझा. मला त्याचाच जास्त त्रास झाला. कपडावाल्याचं तर पोटच त्यावर होतं. पण हे लोक! त्यातले दोघं तर बाजारात आण्या-पैशावरून आईवडील काढणारे. संध्याकाळी पोलीस आले, पळता न आलेले चार-पाच खेळणारे धरून नेले. कापड, डबा आणि त्यांचा मालक केव्हाच पसार. खेळणारा सापडतो आणि खेळवणारा सुटतो, हेही मी नंतर अनेकदा पाहिलं.

पुढे लेक अमेरिकेत गेली, न्यू जर्सीत एडिसनला. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापू एका शनिवारी म्हणाले, "बाबा, चला, तुम्हाला अटलांटिक सिटी दाखवतो." समुद्रकाठी लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता, आणि त्याला लागून कॅसिनो. तिथं १९७८ साली पहिला उघडला, सरकारच्या परवानगीनं. हिनं बाहेर बाकावर बसणं पसंत केलं.

आत एका टेबलाभोवती आरडाओरडा चालला होता. हौदासारखं खोल टेबल, हिरवं कापड, त्यावर घरंच घरं. मी जावईबापूंना म्हटलं, "ही तर झंडीमुंडी!" ते म्हणाले, "क्रॅप्स म्हणतात याला." फासे दोनच, आरपार दिसणारे, आत वजन लपवता येऊ नये म्हणून. आणि ते टाकतो खेळणाऱ्यांपैकीच एकजण, समोरच्या भिंतीला लागतील असे. मालकाच्या हाताला फासे नाहीत, हे पाहूनच मी चाट पडलो.

नियम जावईबापूंनी सांगितले. पास लाइन नावाच्या पट्ट्यावर पैसे ठेवायचे. पहिल्या फेकीत बेरीज ७ किंवा ११ आली तर आपण जिंकलो, २, ३ किंवा १२ आली तर गेलो. ४, ५, ६, ८, ९, १० यांपैकी काही आलं तर तो आकडा पॉइंट ठरतो आणि त्यावर पांढरी चकती ठेवतात. मग फेकत राहायचं. पॉइंट पुन्हा आला तर जिंकलो, त्याआधी ७ आला तर हरलो. पहिल्या फेकीत लक्ष्मी असलेला सात नंतर अवदसा होतो, आणि ते साहजिक आहे, कारण छत्तीस तऱ्हांपैकी सहा तऱ्हांनी सातच पडतो, दुसरा कुठलाही आकडा इतक्या वेळा नाही. उलट बाजूनं, म्हणजे टाकणारा हरावा म्हणूनही पैसे लावता येतात. तो पट्टा डोन्ट पासचा. त्यावर लावणाऱ्याकडे बाकीचे अपशकुनी म्हणून बघतात.

पास लाइनवर जिंकलं की एकास एक. मी नीट पाहिलं. पंधरा लावणाऱ्याचे पंधरा जागेवरच राहिले आणि शेजारी नवे पंधरा मांडले गेले. मुद्दल वेगळं, नफा वेगळा! मला त्या टेबलामागच्या पोराला नमस्कार करावासा वाटला.

पॉइंट ठरल्यावर त्यामागे आणखी पैसे लावता येतात, त्याला ऑड्स म्हणतात. पॉइंट ४ असेल तर तो तीन तऱ्हांनी पडतो आणि सात सहा तऱ्हांनी, म्हणून एकास दोन देतात. अगदी न्यायाचं, मालकाला त्यात दमडी सुटत नाही. एवढा चांगला डाव, आणि कापडावर त्याला घरच आखलेलं नाही. माहीत असेल त्यानं लावायचा.

त्या रात्री जावईबापूंनी फोनवर हिशेब करून दाखवला. पास लाइनवर सतत खेळलं तर शंभराला दीडेक डॉलर मालकाचा. आमच्या झंडीमुंडीत सहा फासे ४६,६५६ तऱ्हांनी पडतात, त्यांतल्या ३४,३७५ तऱ्हांत खेळणारा हरतो. मुद्दल वेगळं धरून डबल दिलं तरी शंभरातले चौदाएक रुपये कपडावाल्याचे. आणि 'तुझा एक, माझा एक' केलं की चाळीस. चाळीस! आडतीतसुद्धा एवढं कापत नव्हते.

मी अमेरिकेचं कौतुक करत होतो, तेवढ्यात जावईबापू हसून म्हणाले, "बाबा, दुसऱ्या गावच्या टेबलांच्या मधोमध काय लिहिलेलं असतं ते वाचलंत का?" त्यांनी दुसरीकडच्या एका टेबलाचा फोटो दाखवला. बारावर लावलं तर '३० फॉर १'. ३० टू १ असतं तर तीस आणि वर आपला एक. फॉर म्हणजे तीस, त्यात आपला धरून. बारा छत्तिसांत एकदा पडतो, म्हणजे छत्तीस डॉलर लावून तीस परत. तोच माणूस, टाय लावून बसलेला! फरक एवढाच की तिथं ते छापलेलं होतं. छापलं म्हणजे फसवणूक नाही, असं जावईबापूंचं म्हणणं. मला ते पटतं आणि पटतही नाही. आमच्या कपडावाल्यानं निदान तोंडावर सांगितलं होतं.

त्या दिवशी मीही पंधरा डॉलर लावले. पॉइंट ८, मग ५, मग ११, मग सात. पंधरा डॉलर गेले आणि मला काहीच वाटलं नाही. त्यातून, नियम समजलेला जुगार माणूस जास्त खेळतो, असं माझं मत झालं आहे. आमच्या गावची पोरं मोबाइलवर पैसे लावून खेळायची तेव्हा त्यांना वाटायचं, आपण डोकं लावतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते बरं झालं. पण डब्यावरही बंदी होतीच की.

परवा घरी एका पुतण्याला हे सगळं सांगत होतो. खरं तर त्यानं खेळू नये म्हणून सांगायला बसलो होतो, पण ऑड्सचं सांगताना मलाच रंग चढला. त्यानं मुद्द्याचं तेवढं उचललं.

"मंग काका, मालकाला ज्याच्यात कायीच सुटत नाही तेच लावाचं ना फक्त?"

"नाही लावता येत. आधी पास लाइनवर ठेवावे लागतात."