मॅच न बघणारा माणूस

परवा आपल्या गावात एका पक्षाच्या मुलाखती झाल्या. नगरपालिकेच्या तिकिटांच्या. बाहेर स्कॉर्पिओंची रांग, आत तीन नेते. आमच्या वॉर्डातल्या एक ताई गेल्या होत्या. नळ, नाल्या, दिवे यांच्या नऊ वर्षांच्या तक्रारी तारीखवार वहीत लिहिलेल्या. चार मिनिटांत बाहेर आल्या. "खर्चाचं काय करणार, एवढंच विचारलं दादा. वही उघडलीच नाही."

तिथं टपरीवर चहा पिताना मला बिली बीन आठवला. हसू नका. बेसबॉल आपल्याकडं कोणी बघत नाही, मलाही निम्मे नियम कळत नाहीत. पण हा माणूस अमेरिकेतल्या ओकलंड संघाचा जनरल मॅनेजर होता. मैदानावरचा मॅनेजर वेगळा असतो. जनरल मॅनेजर म्हणजे खेळाडू घेणारा, विकणारा, काढणारा. टीम बांधणारा.

२००१ साली त्याच्या टीमनं १६२ पैकी १०२ सामने जिंकले. मोसम संपला आणि मोठ्या क्लबांनी मोठे खेळाडू उचलले. जेसन जियाम्बीला यांकीजनी सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले. ओकलंडचं अख्ख्या टीमचं वर्षाचं बजेट चार कोटींच्या आसपास, यांकीजचं साडेबारा कोटींच्या घरात. जियाम्बीसारखा दुसरा विकत घेणं शक्यच नव्हतं. मग बीननं प्रश्नच बदलला. बाजारात कशाला भाव नाही, पण मॅच जिंकायला ते लागतं?

बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्यानं चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर टाकले आणि फलंदाजानं मोह आवरून बॅट लावली नाही, तर तो फुकटात पहिल्या बेसवर जातो. टाळ्या नाहीत, पेपरात फोटो नाही. पण माणूस बेसवर पोचला की धाव होण्याची शक्यता वाढते. हे बिल जेम्स कधीपासून लिहीत होता, आणि तो कोण, तर कॅन्ससमधल्या एका कारखान्यातला रात्रपाळीचा वॉचमन. जुन्या जाणत्यांनी त्याला हिंग लावून विचारलं नाही.

बीननं स्कॉट हॅटेबर्गला घेतलं. कोपराची नस गेलेला कॅचर, धड चेंडू फेकता येईना. पण वाईट चेंडूला बॅट न लावणारा. त्याला पहिल्या बेसवर उभं राहायला नव्यानं शिकवलं. २००२ मध्ये ओकलंडनं सलग २० सामने जिंकले. विसाव्यात ११-० ची आघाडी घालवून ११-११ झाले होते, आणि शेवटी होमरन मारला तो ह्याच हॅटेबर्गनं.

सिनेमात हे सगळं आहे. सिनेमा एक गोष्ट मात्र जवळजवळ गाळतो. त्या टीमकडं हडसन, मल्डर, झिटो असे तीन जबर पिचर होते आणि तेहादासारखा फलंदाज. क्लबनं स्वतः शोधून वाढवलेले. पहिली काही वर्षं खेळाडू क्लबला बांधलेला असतो, म्हणून स्वस्त. म्हणजे नुसत्या आकडेमोडीवर टीम उभी राहिली नव्हती, आधी कोणीतरी पेरून ठेवलं होतं. आणि तरी दोन्ही वर्षी प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर.

मला बीन धरून ठेवतो तो दुसऱ्या कारणानं. १९८० मध्ये तो स्वतः बाजारातला देखणा घोडा होता. उंच, वेगवान. मेट्सनी सव्वा लाख डॉलर देऊन पहिल्या फेरीत उचलला, पोरानं स्टॅनफर्डचं शिक्षण सोडलं. वरच्या पातळीवर सहा मोसमांत १४८ सामने, होमरन तीन. दिसण्यावर माणूस निवडला की काय होतं, हे त्यानं स्वतःच्या अंगावर सोसलेलं. पुढं जनरल मॅनेजर झाल्यावर तो मॅच चालू असताना बहुतेक वेळा बघायचाच नाही, जिममध्ये जायचा. डोळ्यानं बघितलं की भावना हिशोब बिघडवतात.

माझा हिशोब डोळ्यांनीच बिघडवला. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका दैनिकाचं तालुका ऑफिस सांभाळत होतो. एकच बातमीदार घ्यायचा होता. एक पोरगं आलं, मळका शर्ट, बोलताना अडखळायचं. पिशवीत पाण्याच्या टँकरच्या नोंदी होत्या, गाडी नंबरासकट. मला वाटलं, हा कलेक्टरला प्रश्न काय विचारणार? घेतला तो दुसरा, कडक इस्त्रीतला, फाडफाड बोलणारा. आठ महिन्यांत पुण्याला चॅनेलमध्ये गेला. जाणारच होता, आमचा पगार तो काय.

पहिला पोरगा आता तहसीलबाहेर अर्ज लिहून देतो. गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या खोट्या फेऱ्यांची माझी जी बातमी तुम्ही सगळ्यांनी शेअर केली, तिची कागदं त्याचीच होती. माहिती अधिकारात काढलेली. देताना म्हणाला, "सर, मी तुमच्याकडं एकदा आलो होतो." आठवतंय, म्हणालो. पुढं काही बोलता आलं नाही. नाव छापू का विचारलं, तर नको म्हणाला.

तिकिटांची यादी गुरुवारी येते म्हणतात. ताईंचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, मी उडवीन.