ओळ आणि ओवी

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आपल्या जालना जिल्ह्यातले. त्यांच्या ‘दासबोधा’ची छापील प्रत उघडून पाहा. २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी तिचा क्रमांक. ओवी कोठे संपली हे त्या क्रमांकावरून वाचकाला कळते आणि संगणकालाही शिकविता येते. जात्यावरच्या ओवीला असा क्रमांक नसतो. गाणारी क्षणभर थांबते, जात्यात मूठभर दाणे टाकते आणि पुढची ओवी सुरू करते. ती सीमा कागदावर उमटविणे हे टिपून घेणाऱ्याचे काम. या कामात माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगावयाची आहे; प्रकल्पासाठी उद्या आपणही लोकगीते गोळा कराल.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या. माझा संग्रह त्यापुढे अगदीच लहान, चार वह्यांचा. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील बोलीची क्रियापदरूपे मला तपासावयाची होती. वह्यांतील मजकूर संगणकात उतरविला तो असा: पहिल्या ओळीत वहीतील अनुक्रमांक, गाव आणि गाणारीचे नाव, त्याखाली ओवीच्या ओळी, मग एक रिकामी ओळ.

टंकलेखन दोघांनी केल्यामुळे काही ओव्या दोनदा आल्या होत्या. त्या काढण्यासाठी मी एक छोटी आज्ञावली लिहिली. एकदा येऊन गेलेली ओळ पुन्हा आली, तर ती गाळावी. रिकाम्या ओळींना तेवढी सूट दिली होती. फाईल लहान झाली, मी समाधानाने ती मूळ फाईलवरच जतन केली, आणि चार वर्षे त्याच फाईलवर काम केले.

पुढे एका गाणाऱ्या आजींची लेक माझ्याकडे आली. आजी वारल्या होत्या. वर्षश्राद्धाला आईच्या ओव्या वाचाव्यात अशी तिची इच्छा होती. मी कागद काढून दिले. तिने दोन पाने वाचली आणि म्हणाली, “सर, ह्या ओव्यांना तोंडच नाही.”

ओवीची पहिली ओळ पुष्कळदा साऱ्या गावाच्या मालकीची असते. तीच ओळ दहा जणी घेतात आणि दुसरी ओळ आपापली जोडतात. भाऊ, माहेर, पंढरी यांच्या ओव्यांत तर हे पदोपदी दिसते. माझ्या आज्ञावलीने ती ओळ पहिल्या बाईकडे ठेवली आणि उरलेल्या नऊ जणींकडून काढून घेतली. आजींचे गाव वहीत शेवटी होते.

उपाय अवघड नव्हता, हेच अधिक लागते. ‘ऑक’ ही छोटी संगणकभाषा १९७७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी घडविली. नाव त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांचे. ती एरवी एका ओळीला एक नोंद मानते. नोंदींमधील विभाजक कोरा ठेवला, की मात्र रिकाम्या ओळीपर्यंतचा सगळा गट ती एक नोंद म्हणून वाचते. मग तुलना गटाची गटाशी होते. अनुक्रमांक व नाव गटातच असल्याने खरोखर दोनदा टंकित झालेली ओवीच गळते. दोघींनी गायिलेली एकच ओवी दोघींच्या नावे राहते. शोधही असाच घ्यावा: ‘करायलाय’ हे रूप एका ओळीत सापडले, तरी हाती पूर्ण ओवी यावी. एक सावधगिरी बाळगा. रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत चुकून एखादी मोकळी जागा टंकित झाली असेल, तर यंत्राच्या लेखी ती ओळ रिकामी नसते आणि दोन ओव्या एकमेकींना चिकटतात.

तीन वह्यांवरून मी संग्रह पुन्हा उभा केला. चौथी कपाटात पावसाचे पाणी शिरून भिजली होती. आजींच्या ओव्या तीत होत्या. त्यांच्या लेकीने काही ओव्या स्वतः म्हणून पूर्ण केल्या. उरलेल्यांना गावातली कोणती ओळ शोभेल, हे मला सुचत होते. पण आजींनी कोणती घेतली होती, ते त्यावरून ठरत नाही. तेथे ओळ कोरी सोडण्याचीही सोय नव्हती, कारण यंत्राने तिला ओवीचा शेवट मानले असते. म्हणून त्या जागी मी तीन टिंबे दिली आहेत.