एक तारा

सिनेसमीक्षक रॉजर ईबर्टने फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'वर लिहिलेला लेख मी अधूनमधून काढून वाचते. सिनेमा १९६०चा. रोममधला एक पत्रकार, मार्चेल्लो, बड्या लोकांच्या भानगडी छापून पोट भरतो आणि रात्रीमागून रात्री या पार्टीतून त्या पार्टीत भटकत राहतो. ईबर्टने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचं मिसरूड फुटायचं वय होतं. त्याला वाटलं, जगावं तर असं. १९७०च्या सुमारास पुन्हा पाहिला तेव्हा शिकागोत तो स्वतःच जवळपास तसा जगत होता, वयही मार्चेल्लोच्याच आसपास. आणखी दहा वर्षांनी पाहिला, तोवर त्याची दारू सुटली होती. पूर्वी ज्याचा हेवा वाटायचा तो मार्चेल्लो आता त्याला फसलेला, अडकलेला माणूस दिसू लागला. १९९१मध्ये कोलोरॅडोत हाच सिनेमा एकेक फ्रेम थांबवत लोकांबरोबर पाहिला तेव्हा मार्चेल्लो त्याच्याहून कितीतरी लहान झाला होता. त्याची कीव आली आणि त्याच्यावर मायाही जडली. मार्चेल्लो मास्त्रोयानी हा नट १९९६च्या डिसेंबरात वारला. त्यानंतर ईबर्टने सिनेमा आणखी एकदा पाहिला आणि हा लेख लिहिला.

ईबर्ट ४ एप्रिल २०१३ला गेला. वय ७०. त्या आठवड्यात ओळखीच्या सिनेमावाल्यांनी मला एकच दिलासा दिला, की माणूस गेला तरी त्याची मतं मागे राहिली आहेत, हवी तेव्हा काढून वाच. मला तो दिलासा तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. छापलेली परीक्षणं आहेत, हजारोंनी आहेत. पण ८०व्या वर्षी 'ला दोल्चे व्हिता' पाहून त्याला काय वाटलं असतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. त्याचं मत त्याच्याबरोबर वाढत होतं, म्हणून तर मी त्याला इतकी वर्षं वाचत आले.

इलिनॉयमधल्या अर्बाना गावचा हा मुलगा, एका इलेक्ट्रिशियनचा. १९६७मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'चा सिनेसमीक्षक झाला आणि मरेपर्यंत त्याच पेपरात राहिला. १९७५मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. सिनेसमीक्षेसाठी ते मिळवणारा तो पहिलाच. पुढे स्पर्धक पेपरातल्या जीन सिस्केलबरोबर टीव्हीवर अंगठा वर, अंगठा खाली करणारा माणूस म्हणून घराघरात पोचला. त्या अंगठ्यामुळे कित्येक शहाण्या लोकांनी त्याला कधी वाचलंच नाही. हे नुकसान त्यांचं. 'सिटिझन केन'मधला फोकस कसा काम करतो, दिग्दर्शक ओझू कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका खाली का ठेवतो, हे त्याच्याइतकं सोप्या भाषेत आणि तरीही जराही पातळ न करता मला कुणी सांगितलं नाही.

कोलोरॅडोचा उल्लेख वर आला. तिथे बोल्डरच्या विद्यापीठात दर वर्षी तो एकच सिनेमा बरेच दिवस दाखवायचा. अंधारात बसलेल्यांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून ओरडावं, की प्रोजेक्टर थांबे. मग त्या एका चौकटीबद्दल बोलणं. विद्यार्थी बोलत, निवृत्त माणसं बोलत, नुसते वाटेवरून आत शिरलेलेही बोलत. बहुतेक वेळा त्याच्याआधी दुसऱ्याच कुणाला तरी काहीतरी दिसलेलं असे, आणि ते तो लिहिताना मोकळेपणाने सांगे. तिथूनच त्याने पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूंबद्दल लिहिलं होतं: उजवीकडे सरकणारं पात्र मनाला बळ घेऊन निघाल्यासारखं वाटतं, डावीकडे जाणारं मागे ओढलं गेल्यासारखं. मी आणि मामाने हे 'प्रभात'च्या जुन्या सिनेमांना लावून पाहिलं. कुठे चपखल बसलं, कुठे अजिबात नाही. मामाला जिथे बसलं नाही तिथे जास्त आनंद झाला.

मामाबद्दल सांगायला हवं. आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, बँकेत नोकरीला, लग्न न केलेला. पुण्यात फिल्म क्लबचा सभासद. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात मला पहिल्यांदा नेलं ते त्यानेच. सिनेमा सुटल्यावर तो लगेच बोलायचा नाही. स्कूटर काढायची, कमला नेहरू पार्कापर्यंत गप्प, आणि मग एकदम सुरू. ईबर्ट माझ्याकडून त्याच्याकडे गेला. सायबर कॅफेत बसून वाचायचे ते दिवस होते. आवडलेलं परीक्षण मी छापून घ्यायची आणि त्याला द्यायची. तो समासात बारीक अक्षरात वाद घालून परत करायचा.

त्यांचं खरं भांडण झालं ते अब्बास किआरोस्तामीच्या 'टेस्ट ऑफ चेरी'वरून. १९९७मध्ये या इराणी सिनेमाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं, विभागून. आत्महत्या करायची ठरवलेला एक माणूस तेहरानबाहेरच्या पिवळ्या, उकरलेल्या टेकड्यांवरून गाडी फिरवत राहतो. सकाळी येऊन आपल्या अंगावर माती लोटणारं कुणीतरी त्याला हवं आहे. एक कोवळा शिपाई गाडीतून उतरून पळून जातो. धर्मशास्त्र शिकणारा एक अफगाण तरुण नकार देतो. एक म्हातारा त्याला तुतीची गोष्ट सांगतो: तो स्वतः एकदा फास लावायला झाडावर चढला होता, हाताला तुती लागली, खाल्ली, आणि खाली उतरला. शेवटी माणूस खड्ड्यात आडवा होतो, आकाशात वीज चमकते, पडदा काळा. मग अचानक व्हिडिओवरचं धुरकट चित्रण, हिरवी टेकडी, कॅमेरा लावणारी माणसं, स्वतः किआरोस्तामी, आणि लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट.

ईबर्टने याला चारपैकी एक तारा दिला. सिनेमा असह्य कंटाळवाणा आहे, असं स्पष्ट लिहिलं. या माणसाबद्दल आपल्याला काहीच कळत नाही, तो कोण, त्याला का मरायचंय, मग आपण त्याच्यासाठी कळवळायचं ते कशाच्या जोरावर, ही त्याची तक्रार होती.

मामाने तो कागद परत दिला तेव्हा समास पुरला नव्हता, मागची बाजूही भरलेली होती. "तुझ्या ईबर्टला सांग," तो म्हणाला, "रस्त्यात एखादा माणूस खाली बसला, तर त्याचं रेशनकार्ड बघून मग पाणी देतोस का?" मी ईबर्टची बाजू घेतली. सिनेमा मला आवडला होता, तरीही घेतली. ज्याला कंटाळा आला त्याने कंटाळा आला म्हणून लिहावं. कान महोत्सवाने मान डोलावली म्हणून आपणही डोलवायची, ही सवय आपल्याकडच्या सिनेमंडळींत तेव्हा फार होती. मामाला हे मान्य होतं. पण तो एक तारा त्याला सलत राहिला. पुढे कितीतरी वर्षं, काहीही निमित्त झालं की तो विचारायचा, "काय गं, बदललं का त्याने मत?"

त्याचं विचारणं उगाच नव्हतं, कारण ईबर्ट मत बदलायचा. 'ग्राउंडहॉग डे'ला त्याने १९९३मध्ये तीन तारे देऊन सोडून दिलं होतं. बारा वर्षांनी त्याच सिनेमावर 'थोर सिनेमां'च्या मालिकेत लेख लिहून, आपण याला कमी लेखलं, असं कबूल केलं. डेव्हिड लिंचच्या 'ब्लू वेल्वेट'ला १९८६मध्ये एक तारा दिला होता, इझाबेला रोझेलिनीला कॅमेऱ्यासमोर जे सोसायला लावलं त्याचा त्याला संताप आला होता. ते मत त्याने सोडलं नाही, पण २००१मध्ये 'मलहॉलंड ड्राइव्ह' पाहून त्याच लिंचला चार तारे दिले. दहा वर्षांतून एकदा 'साइट अँड साउंड' मासिक जगभरच्या समीक्षकांकडून दहा सिनेमांची यादी मागवतं. २०१२मध्ये त्याने आपल्या यादीतून किस्लोव्स्कीचा 'डेकालॉग' काढला आणि टेरेन्स मॅलिकचा वर्षभरापूर्वीचा 'द ट्री ऑफ लाइफ' घातला. 'टोकियो स्टोरी', 'व्हर्टिगो', 'द जनरल' जागच्या जागी, आणि त्यांच्या पंगतीला हा कालचा पोर. सत्तरीत शिरताना एवढी हिंमत किती जण करतात? पॉलीन केल ही त्याच्याहून तिखट लेखिका, तिची वाक्यं मला पाठ आहेत, पण ती सिनेमा सहसा दुसऱ्यांदा बघत नसे. पहिल्या भेटीतच निकाल. ईबर्ट पुन्हा पुन्हा जाणारा होता.

तो दुसऱ्यासाठी उभाही राहायचा. २००२मध्ये सनडान्स महोत्सवात जस्टिन लिनचा 'बेटर लक टुमॉरो' दाखवला गेला. आशियाई-अमेरिकन पोरं, हुशार आणि वाया गेलेली. सिनेमानंतर एका प्रेक्षकाने दिग्दर्शकाला जाब विचारला, की स्वतःच्या समाजाचं असं वाईट चित्र का रंगवलंस. ईबर्ट उठला आणि भर सभागृहात ओरडला, की गोऱ्या दिग्दर्शकाला हा प्रश्न कुणी विचारला नसता. या लोकांना हवं ते होण्याचा हक्क आहे, आपल्या अख्ख्या समाजाचं प्रतिनिधित्व करण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. आपल्याकडे 'समाजाची बदनामी' म्हणून सिनेमे अडवले जातात तेव्हा मला हा जाड, चष्मेवाला, लालबुंद झालेला माणूस आठवतो.

मग आजार आला. २००२मध्ये थायरॉइडचा कॅन्सर, पुढे लाळग्रंथीत, आणि २००६मध्ये खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया. घरी जायची तयारी झाली होती. तो आणि त्याची बायको चॅझ लेनर्ड कोहेनचं गाणं ऐकायला म्हणून थोडं थांबले, आणि तेवढ्यात मानेतली रोहिणी फुटली. इस्पितळातच होते म्हणून वाचला. पण बोलणं गेलं, खाणं गेलं, पाणी पिणंसुद्धा गेलं. सिस्केलने १९९९मध्ये स्वतःचं मरण सहकाऱ्यांपासूनही लपवलं होतं. ईबर्टने ठरवलं की आपण लपवायचं नाही. २०१०मध्ये हनुवटी नसलेला आपला चेहरा त्याने मासिकात छापू दिला. त्याच वर्षी एका स्कॉटिश कंपनीने संगणकासाठी त्याचा आवाज पुन्हा घडवला. त्यासाठी आवाज आणला कुठून, तर 'सिटिझन केन', 'कॅसाब्लांका' या सिनेमांच्या डीव्हीडींवर त्याने पूर्वी केलेल्या समालोचनातून. मला हे अजून सहज वाचता येत नाही. बायकोला हाक मारायची तर तिच्या नावाचे अक्षरध्वनी केनबद्दलच्या बोलण्यातून वेचून घ्यायचे.

आणि या अवस्थेत २०१२ या एका वर्षात त्याने ३०६ सिनेमांची परीक्षणं लिहिली. उभ्या कारकिर्दीत कुठल्याही वर्षी एवढी लिहिली नव्हती.

त्याच वर्षी पावसाळ्यात मामा गेला. घरात छापील कागदांचे गठ्ठे होते. भाच्यांपैकी दुसऱ्या कुणाला ते नको होते, मी आणले. माझ्या हातचं वरचं वाक्य अधोरेखित, त्याच्या हातचं खालचं 'नाही' किंवा 'बरोबर, पण'. त्याच्याशिवाय सिनेमा बघण्यात काय कमी झालं ते थिएटरात कळत नाही. बाहेर आल्यावर कळतं. मी काहीतरी म्हणते आणि समोरचा माणूस मान डोलावतो.

यानंतरही सिनेमे येत राहिले. २०१४मध्ये चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' आला. त्यात कॅमेरा न्यायालयाच्या खोलीत एका जागी खिळून राहतो, आणि शेवटी न्यायाधीश रिसॉर्टच्या बाकावर डुलकी घेत बसतो. ईबर्टने याला किती वेळ दिला असता? एक तारा दिला असता, की तोवर त्याचा धीर वाढला असता? २०२४मध्ये पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'मधल्या बायका मुंबईतून निघून रत्नागिरीच्या समुद्राकाठी येतात, तेव्हा पडद्यावरचा प्रकाशच बदलतो. ते बघताना मी मनात दोघांनाही विचारत होते. २०२२मध्ये 'साइट अँड साउंड'च्या यादीत शांताल आकेर्मानचा 'जान डिलमन' पहिला आला, बाई बटाटे सोलते ते सोलेपर्यंत बघायला लावणारा सिनेमा. त्यावर मामाने काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. ईबर्टचं सांगता येत नाही.

त्याने लिहिलेलं शेवटचं परीक्षण तो गेल्यावर दोन दिवसांनी छापून आलं. मॅलिकचाच 'टू द वंडर'. या सिनेमात पात्रांबद्दल फारसं काही सांगितलेलं नाही. ती कोण, कुठली, का दुरावतात, प्रेक्षकाच्या हाती फार थोडं लागतं. ईबर्टने या सिनेमाला साडेतीन तारे दिले आणि लिहिताना विचारलं, की सिनेमाने सगळं समजावून का द्यायचं, प्रत्येक गोष्टीचं कारण का पुरवायचं?

मी ते वाचलं आणि १९९८मधला 'टेस्ट ऑफ चेरी'चा कागद काढला. रेशनकार्ड मागणारा तो माणूस पंधरा वर्षांनी रेशनकार्ड न मागता बसला होता. किआरोस्तामीचं नावही त्यात नाही, पण मामाला त्याची गरज पडली नसती. स्कूटर थांबवून त्याने दोन्ही कागद दिव्याखाली शेजारी शेजारी धरले असते आणि म्हणाला असता, हे ठीक आहे, पण तो तारा मागे घेतला का? तर नाही घेतला. मला तेव्हाही ईबर्टची बाजू घ्यावी लागली असती, आणि मी सांगितलं असतं की त्याला आणखी दहा वर्षं दे, तो चेरीकडे परत जाईल.