फडातला ऊस क्योटोच्या भिंतीवर
(क्योटोची वही : भाग दुसरा)

१४ जुलै २०१८, तोक्यो ते क्योटो

गाडी फलाटाला लागली, पण मी माझ्या डब्याकडे न जाता पहिल्या डब्याच्या टोकाशी गेलो. वर्गात दरवर्षी ज्या नाकाचं चित्र दाखवतो ते एकदा समोरून पाहायचं होतं. एन-७०० शिंकान्सेनचं नाक १०.७ मीटर लांब आहे. मधोमध बदकाच्या चोचीसारखा उंचवटा आणि दोन्ही अंगांना पंख उमटावेत तशी फुगवट.

वेगातली गाडी बोगद्यात शिरली, की पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढची हवा दाबते. दाबाची ती लाट गाडीच्या आधी दुसऱ्या तोंडाशी पोचते आणि तिथे सुरुंग उडाल्यासारखा आवाज होतो. शेजारच्या गावांना तो झोपू देत नाही. नाक लांब केलं तर आवाज कमी होतो, पण तेवढी प्रवाशांची जागा जाते. आधीच्या ५०० मालिकेचं नाक तब्बल १५ मीटर होतं. एन-७०० च्या वेळी अभियंत्यांनी जेनेटिक अल्गोरिदम वापरला. पुष्कळ नाकं संगणकावर मांडायची, तपासायची, बरी निघतील त्यांचा संकर करायचा, थोडा बदल करायचा आणि पुन्हा पुढची पिढी. १ जुलै २००७ ला ही गाडी धावू लागली.

उत्क्रांतीच्या रीतीने उत्तर शोधण्याची ही वाट सुरू झाली तीही वाऱ्यापासूनच. १९६४ च्या सुमारास बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल हे तरुण बिजागऱ्यांनी जोडलेली एक पट्टी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवत. बिजागऱ्यांचे कोन नशिबावर सोपवून थोडे बदलायचे. वाऱ्याचा अडथळा कमी झाला तर नवे कोन ठेवायचे, नाही तर जुने. दुमडलेली पट्टी अशीच हळूहळू सपाट होत गेली. कोणीही तिला सपाट हो म्हणून सांगितलं नव्हतं. मला या विषयाचं वेड लागलं ते या पट्टीमुळे.

२ तास २० मिनिटांत क्योटो. स्टेशनवरच्या टीव्हीवर पुराची दृश्यं होती. गेल्या आठवड्यात पश्चिम जपानमध्ये पाऊस आणि दरडींनी २०० हून अधिक माणसं गेली. इथे मात्र आभाळ कोरडं आणि ऊन ३८ अंशांच्या वर. मे महिन्यातलं अकोला आठवलं, फक्त घाम जास्त.

१५ जुलै

जेक्को. आमच्या क्षेत्रातलं वर्षाचं सगळ्यात मोठं संमेलन. पहिले दोन दिवस शिकवण्या आणि कार्यशाळा, मग तीन दिवस मुख्य सत्रं.

इथली मंडळी मुळात एका घरची नव्हती. मिशिगनमध्ये जॉन हॉलंड यांचं घराणं, बर्लिनमध्ये रेखेनबर्ग-श्वेफेल यांचं, कॅलिफोर्नियात लॉरेन्स फोगेल यांचं. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलणं फारच थोडं. जेनेटिक अल्गोरिदमवाले १९८५ मध्ये पिट्सबर्गला जमले आणि मग दर दोन वर्षांनी जमत राहिले. युरोपातलं संमेलन १९९० मध्ये डॉर्टमुंडला सुरू झालं, १ ते ३ ऑक्टोबर. त्यातल्या तिसऱ्या दिवशी दोन जर्मनी एक झाले. १९९९ मध्ये ऑरलँडोला पिट्सबर्गची परंपरा आणि जेनेटिक प्रोग्रॅमिंगवाल्यांचं संमेलन एकत्र येऊन जेक्को झालं. हॉलंड २०१५ मध्ये गेले. त्यांच्या १९७५ च्या पुस्तकाची झेरॉक्स प्रत मी एम. ई. ला असताना रात्री जागून वाचली होती.

दुपारी सिद्धान्ताच्या शिकवणीला बसलो. सारा वेळ 'वनमॅक्स' वर. शून्य-एकांची एक ओळ घ्यायची आणि तिच्यातले सगळे एक करायचे, एवढंच कोडं. शाळकरी मूल पेन्सिलीने सोडवेल. पण एकच पूर्वज आणि एकच अपत्य असलेला साध्यातला साधा अल्गोरिदम आंधळेपणाने बदल करत ते सोडवायला किती पावलं घेईल? ओळीची लांबी एन धरली, तर उत्तर एन लॉग एनच्या घरात आहे आणि ते सिद्ध करता येतं. आम्ही उपयोजनवाले या लोकांना 'खेळण्यातली कोडी सोडवणारे' म्हणतो. आज फळ्यावर ती सिद्धता पायरीपायरीने उलगडत गेली तेव्हा आमच्या या बोलण्याची मला लाज वाटली. शेवटची काही शून्यं घालवायलाच सगळ्यात जास्त वेळ का लागतो, हे आज पहिल्यांदा नीट कळलं. आणि माझा स्वतःचा प्रोग्रॅम शेवटी का रेंगाळतो, हेही.

१६ जुलै

जेवणाच्या रांगेत वाद पेटला तो प्राण्यांवरून. लांडगे, देवमासे, वटवाघळं, कोकिळा. दर महिन्याला एखाद्या जनावराच्या नावाचा 'नवा' अल्गोरिदम येतो. उपमा बाजूला सारली, की आत तेच जुनं गणित निघतं. अँटवर्पचे केनेथ सोरेन्सन यांनी २०१५ मध्ये यावर परखड लेख लिहिला होता. रांगेतल्या बहुतेकांचा कल त्यांच्याकडेच होता. मी ऐकत राहिलो. आपल्याकडे अशा पेपरांवर पीएच. डी. होतात, बढत्या मिळतात आणि मुलांची तीन-चार वर्षं त्यात जातात. माझ्या हाताखालच्या एका मुलाला मीही २०१३ मध्ये असाच विषय दिला होता. त्याची वर्षं मी परत देऊ शकत नाही.

संध्याकाळी गिओन उत्सवाची आदली रात्र. रस्ते वाहनांना बंद, उंच लाकडी रथांवर कंदिलांच्या माळा, झांज आणि बासरीचा एकच ठेका तासन् तास. पुण्याच्या पेठांतून गणपतीचे देखावे बघत फिरणारी गर्दी डोळ्यांसमोर आली, आणि एकटा आलो याचं वाईट वाटलं.

१७ जुलै

उद्घाटन चुकवलं आणि मिरवणुकीला गेलो. आजच्या मिरवणुकीत २३ रथ. त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. पुढे जाण्यावरून भांडणं होत, म्हणून पाचशे वर्षांपूर्वी ही रीत पडली. पण काही रथ चिठ्ठीच्या बाहेर आहेत. सगळ्यात पुढे नागिनाता-होको, दरवर्षी तोच.

अल्गोरिदममध्ये प्रत्येक पिढीतली सर्वांत चांगली दोन-चार उत्तरं न बदलता पुढे नेतात. वर्गात मी त्यांना 'मानाचे' म्हणतो. पुण्यात पाच मानाचे गणपती आधी जातात, मग बाकीची मंडळं. मुलांना लगेच कळतं. मानाचे फार ठेवले तर सगळी पिढी त्यांच्यासारखीच होऊन जाते. अजिबात ठेवले नाहीत तर कष्टाने सापडलेलं चांगलं उत्तर चिठ्ठीच्या खेळात हरवतं. क्योटोने हा तोल कसा साधला ते बघत मी कोपऱ्यावर दोन तास उभा होतो. वळणावर ओल्या बांबूच्या पट्ट्या चाकांखाली घालून, पाणी ओतून, कित्येक टनांचा रथ माणसं हिसड्याहिसड्याने फिरवतात. मोठ्या रथांची चाकं वळत नाहीत, त्यांना घसरवावंच लागतं.

१८ जुलै

आज माझ्या पोस्टरबद्दल लिहायचं आहे, आणि सविस्तर.

आमचा प्रश्न साखर कारखान्याच्या ऊसतोडणीचा. कोणत्या गावचा फड कधी तोडायचा, कोणती टोळी कुठे पाठवायची, वाहनं कशी लावायची. ऊस तोडल्यावर जितका वेळ जाईल तितकं त्याचं वजन घटतं आणि साखर उतारा पडतो. म्हणून आम्ही दोन निकष धरले : तोडणीपासून गाळपापर्यंतचा वेळ आणि वाहतुकीचा खर्च. पद्धत एनएसजीए-२, कानपूरच्या आयआयटीत कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेली, २००२ च्या लेखातून जगभर गेलेली. ती एकच उत्तर देत नाही. वेळ वाचवायचा तर खर्च किती वाढतो, अशा तडजोडींची एक सबंध रांग समोर ठेवते. देशाचं नाव सांगितलं की निम्मे लोक आधी कानपूरबद्दलच विचारत होते.

एकाने विचारलं, "सगळं पहिल्याच वेळी नीट झालं?" पेपरात नसलेली गोष्ट मग मी सांगितली. पहिल्या वेळी प्रोग्रॅमने अफाट सुंदर उत्तरं दिली होती. ऊस चार तासांच्या आत गव्हाणीत, खर्चही निम्मा. आठवडाभर आम्ही खुशीत होतो. मग लक्षात आलं, की लांबच्या सतरा गावांना तोडणीची तारीखच नाही. रोजचं टनेज भरलं पाहिजे अशी अट आम्ही घातली होती. प्रत्येकाचा ऊस तुटला पाहिजे, ही घालायला विसरलो होतो. प्रोग्रॅमने कारखान्याजवळचे फड तोडले आणि लांबच्यांचा ऊस रानात उभा ठेवला.

भोवती गर्दी जमली आणि प्रत्येकाने आपापली गोष्ट काढली. याच मार्चमध्ये जोएल लेमन आणि सहकाऱ्यांनी अशा गोष्टी गोळा करून एक लेख मांडला आहे. वेगाने चालणारे कृत्रिम जीव घडवायला सांगितले तर काही उंच खांबासारखे वाढले आणि नुसते आडवे पडले. पडताना वेग मिळतोच. यादी क्रमाने लावणारा प्रोग्रॅम दुरुस्त करायला सांगितलं तर एकाने यादीच रिकामी केली. रिकामी यादी कधी चुकीच्या क्रमात नसते. आजवर या गोष्टी चहाच्या कपाबरोबरच एका पिढीकडून दुसरीकडे जात होत्या. पुण्यात बसून हजार पेपर वाचले तरी त्या कळत नाहीत, आणि विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांचीच असते.

गर्दी पांगली तेव्हा एक वयस्कर बाई मागे राहिल्या. पोस्टर शेवटपर्यंत वाचून त्यांनी विचारलं, "ऊस तोडणारी माणसं यात कुठे आहेत?"

मी टोळीच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं : दिवसाला इतके टन.

त्या मान हलवून गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. हा प्रश्न मला नवा नव्हता. माझी पीएच. डी. ची विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातली आहे. डिसेंबरमध्ये तिने हेच विचारलं होतं : "सर, रात्री दोनला ट्रक आला की कोयत्याला उठून गाडी भरावी लागते. ते आपल्या खर्चात धरायचं नाही का?" नवराबायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. मी म्हणालो होतो, "आधी पेपर होऊ दे, मग बघू." तोच प्रश्न परक्या माणसाने इंग्रजीत विचारला तेव्हा मला ऐकू आला. तीच इथे यायची होती. सिगइव्हो या आमच्या क्षेत्रातल्या संघटनेकडून विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत मिळते, अर्जही केला होता. पण तिचा पासपोर्ट वेळेत हाती आला नाही.

जेवलो नाही.

१९ जुलै

समारोप. हमीज पारितोषिकं जाहीर झाली. माणसाच्या तोडीचं काम उत्क्रांतीच्या पद्धतीने कोणी केलं, याला २००४ पासून दिली जातात. पहिल्याच वर्षी नासाच्या अँटेनाला मिळालं होतं. वाकड्यातिकड्या तारेसारखी दिसणारी ती वस्तू २००६ मध्ये खरोखर अवकाशात गेली. निरोपाच्या वेळी कोणी कोणाला वर्षभराने भेटू म्हणत होतं, कोणी नोकरी शोधत होतं.

रात्री दहाला, म्हणजे पुण्यात साडेसहाला, माझ्या त्या विद्यार्थिनीला फोन लावला. कालची सगळी हकीकत सांगितली, आणि डिसेंबरमध्ये चूक माझी होती हेही. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"सर, फाइल आहे माझ्याकडे. तेव्हाच केली होती. फक्त दाखवली नाही."

"पाठव गं. आत्ता पाठव."

अर्ध्या तासात आली. तिने तिसरा निकष घातला होता : रात्री दहा ते पहाटे पाचमधल्या भराईचे तास. आलेखावर तडजोडींची रांग आता पृष्ठभाग झाली होती. आमच्या पोस्टरवरची स्वस्त आणि झटपट उत्तरं एका कोपऱ्यात, सगळी मध्यरात्रीवर उभी. थोडं अलीकडे ठिपक्यांचा दाट पुंजका होता. तिथे खर्च किंचितच जास्त, ऊस दोनेक तास उशिरा, आणि रात्रीची भराई जवळजवळ नाही. तो पुंजका आमच्या दोन निकषांना दिसणंच शक्य नव्हतं.

एक वाजेपर्यंत आकडे तपासत बसलो. एके ठिकाणी वाहनांची संख्या चुकली होती, ती खुणेसह लिहिली. मग नव्या मसुद्याचं पहिलं पान उघडलं, लेखकांच्या ओळीत तिचं नाव पहिलं टाकलं आणि फाइल परत पाठवली.

(क्रमशः)