बिंदू चौक ते माणगाव : आपली गाडी, आपली सावली

कोल्हापुरातून कुठेही निघायचे तर आमच्या लोकांचे पाय आधी बिंदू चौकात वळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा इथला पुतळा १९५० साली, त्यांच्या हयातीतच उभा राहिला. शेजारी महात्मा जोतीराव फुले आहेत. परवा २१ मार्चला सकाळी सात वाजता आमची गाडी या चौकात थांबली. सर्वांनी वंदन केले आणि माणगावचा रस्ता धरला.

ही गाडी चार कुटुंबांनी मिळून घेतलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. बाकडी काढून दोन्ही बाजूंना झोपता येईल अशा फळ्या बसवल्या. मागे शेगडी, भांडी आणि पाण्याचे दोन कॅन. नागपूरला दीक्षाभूमीवर म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचे, तर वाटेत पाठ टेकायला जागा हवी. आमच्या आत्याबाई सत्तरीच्या पुढच्या. उन्हात त्यांना धाप लागते. म्हणून गाडीत एसी बसवावा, असे ठरले.

शिवाजी उद्यमनगरात चौकशी केली. कोणी म्हणाले, घरातला एक टनाचा एसी बॅटरीवर चालवा. एका मेस्त्रींनी मात्र खडूने गाडीच्या दारावरच हिशेब मांडला. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे बाराशे वॉट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाती उरले सहाशे. असा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो. म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण तास गारवा! पंचवीस वॉटचे दोन पंखे मात्र तेवढ्याच बॅटरीवर बारा तास फिरतात.

“आणि आधी डबा तापायचा थांबवा की वो, मग गार करा!” मेस्त्री म्हणाले. बसलेले एक माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता देते. बारा माणसांची झाली बाराशे. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याची एक तृतीयांश ताकद माणसांवरच खर्च होणार. वरून उन्हाने तापलेला पत्रा. म्हणून आम्ही पहिला खर्च छतावर केला. आतून उष्णता अडवणारा फोम, वरून पांढरा रंग, खिडक्यांना जाड पडदे. काळ्या फिल्मचा विचार सोडला, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्यावर बंदी घातली आहे.

मग पट्ट्याने इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर घेतला. त्याने गाडी चालताना गारवा मिळतो, डिझेल मात्र थोडे जास्त लागते. छताला भोक पाडावे लागले तिथे कडेने सील नीट भरून घेतले आणि पाणी निथळायची नळी खाली सोडली. आपल्याकडच्या पावसात तिथेच गळती व्हायची! पाण्याचा कूलर नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत तो नुसता ओल वाढवतो. नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. तीही आधी विचारून घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. आयाबायांनी हे ध्यानात ठेवावे. मुक्कामाला गाडी उभी करून, काचा बंद करून, एसीसाठी इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड आत शिरला तर त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेले माणूस उठतच नाही. आमच्याही पोरांनी हट्ट धरला होता, “रात्री चालू ठेवूया की!” आत्याबाईच म्हणाल्या, “माझ्या गारव्यापायी लेकरं धोक्यात नकोत.” रात्री इंजिन बंद, खिडक्यांना जाळ्या आणि दोन पंखे, असा नियम तिथेच झाला.

तासाभरात माणगाव आले. १९२० च्या २१ आणि २२ मार्चला इथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. छत्रपती शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे त्यांनी लोकांना सांगितले. त्या मातीवर उभे राहिले की ऊर भरून येतो.

परतताना मुलांना मसूरची गोष्ट सांगितली. १९०१ च्या उन्हाळ्यात लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांकडे गोरेगावला निघाले आणि सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच कोणी बैलगाडी देईना. दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक मिळाली. सोबत जेवण होते, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही. पोरे उपाशीच झोपली.

गाडीत शांतता पसरली. एसी चालू होता. आत्याबाईंनी पाण्याच्या कॅनकडे बोट दाखवले. म्हणाल्या, “यातलं एक वाटेतल्या लोकांसाठी ठेवत जावा. कुणी मागितलं तर जात इचारायची नाही.”

ऑक्टोबरात नागपूरला निघू, तेव्हा तो कॅन दाराशीच असेल.